पांढरी, परवानगी आणि नोंद : सिरसाळ्याच्या निमित्ताने ग्रामीण बांधकाम-नियमनाचा इतिहास

१. विषयप्रवेश

परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा हे परळी तालुक्यातील एक मोठे गाव आहे. गावात पोलीस ठाणे आहे, बाजारपेठ आहे, आसपासच्या खेड्यांची ये-जा आहे. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा आहे. अशा गावात एखाद्याने घर बांधावयास काढले तर त्यास कोणाची अनुज्ञा लागते, ती न घेता बांधल्यास त्याला कोण अडवितो, आणि अडविणाऱ्याच्या हाती साधन कोणते असते, हे प्रश्न वरकरणी दैनंदिन कारभाराचे वाटतात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी गाव या संस्थेच्या स्वरूपाचा प्रश्न आहे आणि म्हणून तो इतिहासाच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो.

कायद्याने ठरविलेला क्रम सरळ आहे : आधी परवानगी, मग बांधकाम, मग नोंद. मराठवाड्यातील गावांत प्रत्यक्षात रूढ झालेला क्रम बहुधा याच्या उलट असतो. आधी बांधकाम होते, मग घरपट्टीच्या नोंदवहीत त्याची नोंद होते, आणि परवानगी झालीच तर सर्वांत शेवटी होते. तिला तेव्हा ‘नियमानुकूल करणे’ असे नाव असते. या विपर्यासाचे खापर ग्रामस्थांच्या बेफिकिरीवर किंवा ग्रामपंचायतीच्या शैथिल्यावर फोडण्याची रीत आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हा उलटा क्रम गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या महसुली व पंचायत-विषयक व्यवस्थेतूनच निर्माण झाला आहे, आणि त्याचा भार सर्वांवर सारखा पडलेला नाही. या प्रतिपादनासाठी कायद्यांच्या कलमांबरोबरच कारभाराच्या शब्दांचाही पुरावा म्हणून उपयोग केला आहे. कारण कोणत्या काळी कोणता शब्द दफ्तरात आला व कोणता मागे पडला, यावरून सत्तेचा गावाशी असलेला संबंध पुष्कळदा कलमांपेक्षा अधिक स्पष्टपणे उमगतो.

२. पांढरी आणि काळी

दख्खनच्या गावाचे जुने विभाजन द्विविध होते. पिकाऊ जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जमीन ती ‘पांढरी’. हे शब्द प्रथम मातीच्या रंगाचे द्योतक असले, तरी लवकरच त्यांना व्यापक अर्थ आला. ‘पांढरी’ म्हणजे वस्तीचे ठिकाण, आणि लक्षणेने त्या ठिकाणी नांदणारा समस्त गावसमाज. वस्तीची माती पांढरी होते ती पिढ्यान् पिढ्या घरे पडून, भिंती विरघळून आणि राख-शेणाचे थर साचून. हीच माती मराठवाड्यातील घरबांधणीचे मुख्य साहित्य होती. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी सर, आणि सरांवर पांढऱ्या मातीचे माळवद, असा येथील घराचा सर्वसाधारण साचा होता. पडलेल्या घराची माती नव्या घराला लागे. घर हे अशा प्रकारे अक्षरशः गावातूनच उभे राही.

या व्यवस्थेत घर बांधण्याची अनुज्ञा हा स्वतंत्र व्यवहार नव्हता. पांढरीत कोणाला कोठे जागा, हे कुळाच्या वतनावरून, बलुत्यावरून आणि जातीवरून ठरलेले असे. पाटील-कुलकर्ण्यांची घरे गढीच्या आसपास, बलुतेदारांची आपापल्या आळीत, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची गावकुसाबाहेर, ही रचना कोणत्याही नकाशावर नव्हती, तरी सर्वांच्या पक्की ध्यानात होती. ओट्याची एक पायरी पुढे आली, पन्हाळीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडू लागले, बैलगाडी वळण्याची जागा आखूड झाली, तर वाद उभा राही आणि तो गावच्या चार जाणत्यांपुढे मिटे किंवा धुमसत राही. या निवाड्याला लोकमताचे बळ असे. परंतु त्यात समता नव्हती, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याला पांढरीत मुळातच जागा नाही त्याला निवाडा मागण्याचे स्थानही नव्हते. भूतकाळातील ग्रामसंस्थेच्या स्वयंशासनाचे गुणगान करताना ही बाजू बहुधा सुटते.

राज्यसत्तेला घर ठाऊक होते ते करपात्र वस्तू म्हणून. मराठेशाहीच्या दफ्तरांत ‘घरपट्टी’ व ‘मोहतर्फा’ हे शब्द आढळतात. घराची उंची, रुंदी वा जागा यांचे नियमन करणारा शब्द गावाच्या पातळीवर रूढ असल्याचे दिसत नाही. घरावर कर घ्यावा, पण घर कसे व कोठे असावे हे गावाने पाहावे, अशी ही विभागणी होती. पुढील काळाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण आजही ग्रामपंचायतीच्या दफ्तरातील घराचा मुख्य कागद हा कराचाच कागद आहे.

३. निजामी राजवटीतील ‘आबादी’

मराठवाड्याचे आधुनिक महसुली दफ्तर घडले ते हैदराबाद संस्थानात. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाचा अधिनियम १८७९ साली झाला. हैदराबादेत १३१७ फसलीचा, म्हणजे इ. स. १९०७ च्या सुमाराचा, जमीन महसूल अधिनियम लागू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फार्सीच्या जागी उर्दू ही संस्थानच्या कारभाराची भाषा झाली होती. त्यामुळे बीड जिल्ह्यातील शेतकरी घरात ‘गावठाण’ म्हणे, तर दफ्तरात त्याच जागेला ‘आबादी’ म्हणत. अंबाजोगाईचे नाव ज्या काळात मोमिनाबाद होते, त्या काळातील हे द्वैभाषिक जीवन होय.

या दोन शब्दांतील अंतर सूक्ष्म असले तरी अर्थपूर्ण आहे. ‘गावठाण’ या शब्दात गावाचे ‘ठाण’, म्हणजे स्थान, अभिप्रेत आहे. गावाचा त्या जागेवरील हक्क त्यात गृहीत आहे. ‘आबादी’ म्हणजे वसलेला, लागवडीखाली नसलेला प्रदेश. महसुलाच्या दृष्टीने ती एक वजावट आहे. सर्वे झाला तो मुख्यतः काळीचा. शेतांना क्रमांक आले, बांध मोजले गेले, आकार ठरला. पांढरीच्या आत मात्र मोजणीची साखळी सहसा शिरली नाही. बाहेरची सीमा आखली गेली आणि आतील घरे, बोळ, चौक, आड व पार हे सारे एकाच रिकाम्या आकृतीत राहिले. काळीतील प्रत्येक गुंठ्याला कागद मिळाला, पांढरीतील घराला मिळाला नाही. पुढे जेव्हा ग्रामपंचायतीने बांधकामाला परवानगी द्यावी असे कायद्याने सांगितले, तेव्हा ती कोणत्या नकाशावर द्यावी याचे उत्तर नव्हते, त्याचे बीज येथे आहे.

गावाच्या पातळीवर माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी हे तिघे राजसत्तेचे प्रतिनिधी होते. घराच्या जागेचा तंटा पोलीस पाटलाकडे गेला तर तो शांततेचा प्रश्न होई, पटवाऱ्याकडे गेला तर महसुलाचा. बांधकाम हा स्वतंत्र विषय म्हणून कोणाच्याच दप्तरात नव्हता.

४. तीन अधिनियम आणि एक पोकळी

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली. हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाने १९५६ साली ग्रामपंचायत अधिनियम संमत केला. परंतु त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि तो अधिनियम फार काळ टिकला नाही. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ हा १ जून १९५९ पासून लागू झाला व त्याने पूर्वीच्या विविध प्रदेशांतील पंचायत कायद्यांची जागा घेतली. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. म्हणजे सिरसाळ्यासारख्या गावाने अवघ्या चौदा वर्षांत संस्थानी अंमल, हैदराबाद राज्य, द्विभाषिक राज्य आणि महाराष्ट्र राज्य अशा चार कारभारांचा अनुभव घेतला.

या स्थित्यंतराची खूण शब्दांत उमटली आहे. मुंबई इलाख्यातील ‘मामलेदार’ व मराठवाड्यातील ‘तहसीलदार’ यांपैकी एकरूप महसुली संहितेत ‘तहसीलदार’ टिकला. ‘तलाठी’ व ‘पटवारी’ यांपैकी ‘तलाठी’ टिकला. १९६२ साली शासनाने ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध केला आणि राजभाषेच्या घडणीला वेग आला. ‘इजाजत’ मागे पडून ‘परवानगी’, आणि अधिक औपचारिक लेखनात ‘अनुज्ञा’, हे शब्द स्थिर झाले. ‘परवानगी’ हाही मूळचा फार्सी शब्दच. पण तो मराठीत इतका मुरलेला होता की त्याचे परकेपण कोणास जाणवले नाही.

बांधकामाच्या नियमनासंबंधी तीन अधिनियम एकत्र वाचावे लागतात. पहिला १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. त्याच्या ५२ व्या कलमानुसार गावाच्या हद्दीत पंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून इमारत उभारता येत नाही. विहित मुदतीत पंचायतीने निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे, नकाराविरुद्ध पंचायत समितीकडे अपील आहे, उल्लंघनास दंड आहे, आणि काम थांबविण्याचा किंवा बांधकाम काढून टाकण्याचा आदेश देण्याचा अधिकारही आहे. ५३ व्या कलमाने सार्वजनिक रस्ते व जागा यांवरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला दिला. पंचायतीने तो न वापरल्यास जिल्हाधिकाऱ्याला हस्तक्षेप करता येतो.

दुसरा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. गावठाणाची सीमा ठरविण्याचा अधिकार तिने जिल्हाधिकाऱ्याला दिला, शेतजमिनीचा अकृषिक वापर करण्यास महसुली परवानगी आवश्यक ठरविली, आणि शासकीय जमिनीवरील अतिक्रमण हटविण्याचे काम महसूल यंत्रणेकडे ठेवले. तिसरा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. याने नियोजन-प्राधिकरण ही संकल्पना आणली; परंतु ग्रामपंचायत हे या अधिनियमाच्या अर्थाने नियोजन-प्राधिकरण नाही.

परिणाम असा झाला की, गावठाणाच्या आतील घरासाठी पंचायत, गावठाणाबाहेरील शेतातील घरासाठी महसूल खाते व नगररचना कार्यालय, आणि रस्त्यालगतच्या दुकानासाठी यांच्या जोडीला १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमाच्या रेषा, असे अधिकाराचे तुकडे झाले. सिरसाळ्यासारखे गाव वाढते ते रस्त्याच्या दोन्ही अंगांनी. म्हणजे नेमके तेथे, जेथे पंचायतीचा अधिकार सर्वांत संदिग्ध असतो.

७३ व ७४ व्या घटनादुरुस्तीने ही पोकळी भरून निघेल अशी अपेक्षा होती. १९९३ पासून अमलात आलेल्या या दुरुस्त्यांच्या परिशिष्टांची तुलना उद्बोधक आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतील पहिलेच दोन विषय नगर-नियोजन आणि जमिनीचा वापर व इमारतींचे बांधकाम यांचे नियमन हे आहेत. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत ग्रामीण गृहनिर्माण आहे, पण बांधकामाचे नियमन हा विषय नाही. गावाने घरे द्यावीत, पण गाव कसे वाढावे हे ठरवू नये, असा या मौनाचा अर्थ होतो. बीड जिल्ह्यातील वडवणी, केज, आष्टी, पाटोदा व शिरूर कासार ही तालुक्याची ठिकाणे पुढे नगरपंचायती झाली व दुसऱ्या अनुसूचीच्या छत्राखाली आली. सिरसाळा हे तालुक्याचे ठिकाण नसल्यामुळे, बाजारगावाचे स्वरूप असूनही, पहिल्याच छत्राखाली राहिले.

५. पंचायतीच्या हाती असलेले साधन

कलम ५२ वाचल्यावर असे वाटते की पंचायतीला पुरेसा अधिकार आहे. पण अधिकार बजावण्यास माणूस, माप आणि धाक या तीन गोष्टी लागतात. पंचायतीकडे अभियंता नसतो. ग्रामसेवक हाच सचिव, हिशेबनीस व तपासनीस असतो, आणि पुष्कळदा त्याच्याकडे एकाहून अधिक गावे असतात. या पदाचे नामांतर २०२४ साली ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे करण्याचा निर्णय झाला. कामाचा पसारा नामांतराने कमी झाला नाही. माप घ्यावे तर पांढरीचा अंतर्गत नकाशा नाही. धाक म्हणावा तर दंडाची रक्कम बांधकामाच्या खर्चापुढे नगण्य, आणि पाडकामाचा आदेश अमलात आणावयाचा तर पोलीस बंदोबस्तासाठी तालुक्याकडे तोंड करावयाचे.

याहून महत्त्वाचे बंधन सामाजिक आहे. नगरपालिकेचा बांधकाम निरीक्षक नोटीस देऊन संध्याकाळी आपल्या घरी जातो. त्याची व नोटीस घेणाऱ्याची पुन्हा गाठ पडेलच असे नाही. सरपंच ज्याला नोटीस देतो तो त्याच्या भावकीतला, त्याच्या वॉर्डातला किंवा त्याच्या विरोधकाचा मेहुणा असतो. सकाळी नोटीस दिली तर संध्याकाळी पारावर भेट आहेच. अशा ठिकाणी नोटीस निःपक्षपाती आहे यावर विश्वास बसत नाही, आणि पुष्कळदा ती तशी नसतेही. त्यामुळे नोटीस न देणे हा सलोख्याचा मार्ग ठरतो व देणे ही वैराची घोषणा ठरते.

या परिस्थितीत पंचायतीने सहज होणारे काम उचलले : कर आकारणे. ‘नमुना नंबर ८’ ही कर-आकारणीची नोंदवही. घर उभे राहिले की ते तेथे चढते, मग ते परवानगीने बांधले असो वा नसो. जागा पंचायतीची किंवा शासनाची असल्यास समोर ‘अतिक्रमण’ असा शेरा येतो, पण कर घेतलाच जातो. आठच्या उताऱ्यावर वीजजोडणी मिळते, नळ मिळतो, पत्ता मिळतो. ही नोंद मालकी सिद्ध करीत नाही, हे न्यायालयांनी अनेकवार सांगितले आहे. तरीही गावाच्या व्यवहारात ‘आठला नाव आहे’ हे वाक्य ‘घर आपले आहे’ या वाक्याचे काम करते. घरपट्टीच्या जुन्या परंपरेचे सातत्य येथे दिसून येते. राज्यसत्तेला घर पूर्वी करामुळे ठाऊक होते. आता घरालाही आपले अस्तित्व करामुळेच सिद्ध करावे लागते.

नियमनाच्या या कागदी स्वरूपाची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्याला कळली. किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती व जड माळवदे अंगावर कोसळून. या भागातील घरे पिढ्यान् पिढ्या अशीच बांधली जात होती. ती सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणे कोणाचेच काम नव्हते. पंचायतीची परवानगी असली तरी ती जागेसंबंधी असे, बांधणीसंबंधी नसे. भूकंपानंतर मराठवाडाभर माळवदाची जागा पत्रा व स्लॅब यांनी झपाट्याने घेतली. तीही नियमाने नव्हे, तर भयाने व सोयीने.

६. गायरान : एकाच शब्दाखालील दोन गोष्टी

काळी व पांढरी यांच्यामध्ये गायरान येते. गुरांच्या चराईसाठी राखलेली ही सामाईक जमीन महसुली दृष्टीने शासनाची, पण वहिवाटीने गावाची. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पांढरीत वाढण्यास जागा नव्हती आणि काळीत तिची मालकी नव्हती. तिच्या वाढीला उरले ते गायरान. १९५९ साली व पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांत मराठवाड्याचा वाटा मोठा होता. १९९० नंतर बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानधारकांच्या हक्काचा प्रश्न संघटितपणे लावून धरला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची, भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण मान्य केले. कालमर्यादेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभीचा दिवस निवडला गेला, यातच त्या निर्णयामागील सामाजिक प्रेरणा व्यक्त होते.

‘अतिक्रमण’ हा शब्द संस्कृतात पाऊल ओलांडून पुढे जाणे या अर्थाचा. जुन्या मराठीत त्याचा रोख मर्यादेच्या, आज्ञेच्या किंवा धर्माच्या उल्लंघनाकडे असे. जमिनीच्या अनधिकृत कब्जासाठी तो रूढ झाला तो आधुनिक कायद्याच्या भाषांतरातून. यामुळे दोन अगदी भिन्न गोष्टी एका शब्दाखाली आल्या. जिला दुसरी जागाच नाही अशा कुटुंबाची दोन खणांची झोपडी हे अतिक्रमण, आणि ज्याला शेत आहे, वाडा आहे, अशा माणसाने धंद्यासाठी अडविलेले दोन-चार एकर हेही अतिक्रमण. कायद्याच्या दृष्टीला दोन्ही सारखी. सामाजिक न्यायाच्या दृष्टीला सारखी नव्हेत.

सिरसाळा परिसरात या भेदाला प्रत्यक्ष रूप आहे. परळीच्या औष्णिक विद्युत् केंद्राची राख विटांसाठी उपयोगी पडते, त्यामुळे या टापूत वीटभट्ट्यांचा धंदा वाढला. २०२४ च्या अखेरीस सिरसाळ्याच्या गायरान जमिनीवर मोठ्या प्रमाणात कब्जा झाल्याचे व तेथे विनापरवाना वीटभट्ट्या चालत असल्याचे आरोप जाहीरपणे करण्यात आले. या आरोपांचा निवाडा करणे हे संबंधित यंत्रणांचे काम आहे. येथे ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, प्रश्न गावाच्या हद्दीतील असूनही चर्चा ग्रामसभेत नव्हे, तर जिल्ह्याच्या व राज्याच्या पातळीवर झाली. गावात ज्याचे बळ अधिक, त्याच्याविरुद्ध गावची पंचायत हे नियमनाचे साधन होऊ शकत नाही, हे त्यावरून उघड होते.

न्यायालयांनी या प्रश्नात दोन दिशांनी प्रवेश केला. २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्याची योजना करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद त्यातही ठेवले होते. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत महाराष्ट्रातील गायरानांवर दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याची माहिती पुढे आली आणि नोटिसांचे सत्र सुरू झाले. एकीकडे २०१८ साली शासनाने ‘सर्वांसाठी घरे’ या धोरणाखाली ग्रामीण भागातील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा मार्ग खुला केला होता, आणि दुसरीकडे हटविण्याच्या नोटिसा निघाल्या. एकाच घराच्या दारात दोन्ही कागद येऊ शकत होते.

७. घराऐवजी पद

पंचायतीला अतिक्रमण हटविणे अवघड जाते, हे ओळखून विधिमंडळाने २००६ साली वेगळा उपाय योजला. ग्रामपंचायत अधिनियमाच्या १४ व्या कलमात दुरुस्ती करून शासकीय किंवा सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण करणारी व्यक्ती पंचायतीचे सदस्य होण्यास वा राहण्यास अपात्र ठरविण्यात आली. अतिक्रमण करणाऱ्यांनीच अतिक्रमण हटविण्याचा निर्णय घ्यावयाचा, ही विसंगती दूर करणे हा त्यामागील स्पष्ट हेतू होता.

अतिक्रमण कोणाचे मानावयाचे, हा प्रश्न लगेच उपस्थित झाला. मूळ अतिक्रमण आजोबांनी केले, घर वडिलांच्या नावावर, आणि निवडणूक लढविते ती सून, अशी गावातील वस्तुस्थिती असते. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली असा अर्थ लावला की, ज्याने प्रत्यक्ष अतिक्रमण केले तोच अपात्र. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ अमान्य केला आणि अतिक्रमित जागेत राहून ते चालू ठेवणारा कुटुंबीयही अपात्र ठरतो असा निर्णय दिला.

कायद्याच्या तर्कदृष्टीने हा निर्णय सुसंगत आहे. गावात त्याचा परिणाम मात्र दुहेरी झाला. निवडणुकीत हरलेला गट विजयी उमेदवाराच्या घराची मोजणी मागतो, प्रकरण जिल्हाधिकाऱ्याकडे, मग विभागीय आयुक्तांकडे आणि तेथून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते. या सर्व प्रवासात घराला कोणी हात लावत नाही. जाते ते सदस्यत्व. बांधकामाचे नियमन हा सार्वजनिक आरोग्याचा व सुरक्षिततेचा विषय न राहता सत्तास्पर्धेचे हत्यार झाला. शिवाय ज्यांची वस्तीच गायरानावर आहे अशा समाजांतील व्यक्तींना, राखीव जागा असूनही, पंचायतीत बसणे धोक्याचे झाले. पांढरीत स्वतःचे जुने घर असलेल्याला ही भीती नाही. ज्याला पूर्वी पांढरीत जागा नव्हती, त्याच्या वंशजाला आता पंचायतीत जागा टिकविणे कठीण जाते. इतिहासाचा हा धागा नजरेआड करता येत नाही.

८. नकाशाचा उदय

पांढरीच्या अंतर्गत नकाशाचा अभाव हे या प्रश्नाचे एक मूळ असल्याचे वर दाखविले आहे. ही उणीव अलीकडे दूर होऊ लागली आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाणाची मोजणी करण्याचा प्रारंभिक प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘स्वामित्व’ योजना जाहीर करून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने हे काम देशभर हाती घेतले. घरमालकास सनद व मिळकत पत्रिका मिळू लागली. शंभर वर्षांपूर्वी जी मोजणी काळीच्या बांधावर थांबली होती, ती आता पांढरीत शिरली आहे.

परवानगीची रीतही सुलभ झाली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. २०२१ च्या आरंभी ग्रामविकास विभागाने जाहीर केले की, ग्रामीण भागात सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामास नगररचनाकाराकडे जाण्याचे कारण नाही. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत मालकीची कागदपत्रे व नकाशा ग्रामपंचायतीला सादर करणे पुरेसे. त्यापुढे पंचायतीने अल्प मुदतीत बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे. तालुक्याचे हेलपाटे वाचावेत हा यातील हेतू स्तुत्यच आहे.

परंतु या दोन्ही सुधारणांचा लाभ घेण्यास एक गोष्ट आधी हाती असावी लागते, ती म्हणजे मालकीचा कागद. ड्रोनने टिपलेली सीमा ही गावठाणाची सीमा आहे. तिच्या आतील घराला मिळकत पत्रिका मिळते, पत्रिकेवर परवानगी मिळते, परवानगीवर कर्ज मिळते. सीमेबाहेरच्या गायरानावरील घर नमुना ८ च्या शेऱ्यापाशीच थांबते. अधिक स्वच्छ नकाशाने जुनी भेदरेषा पुसली गेली नाही. ती अधिक ठळक झाली.

९. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली अशी की, मराठवाड्यातील गावांत बांधकामाचे पूर्वनियमन हा परंपरेतून आलेला व्यवहार नाही. परंपरेने दिली ती जातिनिष्ठ जागा-वाटणी आणि घरपट्टी. पूर्वपरवानगीची कल्पना १९५९ नंतर कायद्याने वरून आली, आणि तिला आधार देणारा नकाशा, तज्ज्ञ व धाक यांची जोड तिला मिळाली नाही. दुसरी अशी की, अधिकार अनेक खात्यांत विभागला गेल्यामुळे पंचायतीने केवळ नोंदीचे काम पत्करले, आणि ‘परवानगी’ या शब्दाची जागा व्यवहारात ‘नोंद’ व ‘नियमानुकूल’ या शब्दांनी घेतली. तिसरी, आणि सर्वांत विचारार्ह, अशी की, ज्यांना पांढरीत मुळातच स्थान नव्हते त्यांच्यावर या विपर्यासाचे ओझे सर्वाधिक पडले आहे. नियम कडक केले तर प्रथम त्यांचे घर जाते, आणि सैल सोडले तर बळवंताचा कब्जा वाढतो.

म्हणून ग्रामपंचायत नियम पाळून घेत नाही, एवढे म्हणून अभ्यासकाने थांबू नये. गावठाणाचा विस्तार कोणी, केव्हा व कोणासाठी केला, गावनिहाय नमुना ८ मध्ये ‘अतिक्रमण’ हा शेरा कोणत्या वस्त्यांपुढे पडला, आणि कलम ५३ खालील नोटिसा कोणाला गेल्या व कोणाला गेल्या नाहीत, या प्रश्नांची उत्तरे तालुक्यातालुक्यांच्या दफ्तरांत पडून आहेत. सिरसाळा व त्याच्या शेजारची गावे यांपासून अशा संशोधनास आरंभ करता येईल. ही दफ्तरे वाचावयास उर्दू, मोडी व आजची शासकीय मराठी या तिन्हींची जाण लागेल. इतिहास व भाषा या दोन विद्याशाखांनी हे काम एकत्र येऊनच केले पाहिजे.